विली मेजच्या कारकिर्दीचा तक्ता कसा वाचावा

क्रिकेटचा धावफलक वाचण्यात मुरलेला माणूसही बेसबॉल खेळाडूच्या तक्त्यापुढे अडखळतो. सरासरीच्या रकान्यात ०.३०२ दिसतं आणि वाटतं, हा कसला फलंदाज! हा आकडा विली मेजचा आहे. तो १९५१ ते १९७३ या काळात आधी न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला, तोच संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलल्यावर तिथे खेळला आणि शेवटी न्यूयॉर्क मेट्सकडे आला. सेंटर फील्डला, म्हणजे फलंदाजासमोरच्या लांबच्या मधल्या भागात, उभा राहणाऱ्या या खेळाडूचं नाव आजही बेसबॉलच्या पहिल्या दोन-चार खेळाडूंत घेतलं जातं.

त्या काळातल्या आउटफिल्डरची, म्हणजे लांबवर उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची, कारकीर्द वाचायला शिकायची असेल तर मेजचाच तक्ता समोर घ्यावा. वाचकाची गफलत होते अशा बहुतेक सगळ्या जागा त्यात सापडतात: सैन्यात गेलेली वर्षं, बदललेली मैदानं, मध्येच वाढलेले सामने, उशिरा सुरू झालेले पुरस्कार, आणि निवृत्तीनंतर ५० वर्षांनी बदललेली बेरीज.

एक मोठा कागद आडवा धरून १९५१ ते १९७३ अशा २३ ओळी आखा. छापील तक्त्यात प्रमुख लीगच्या (मेजर लीग, अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सर्वांत वरची पातळी) २२च ओळी असतात, तरी तुमच्या कागदावर २३ हव्यात. वर्षापुढे सामने, एबी, हिट, डबल, ट्रिपल, होम रन, वॉक आणि सरासरी एवढे रकाने पुरतात. डावीकडे आणखी दोन आखा: ‘मैदान’ आणि ‘हंगामातले सामने’. तयार तक्त्यात हे दोन सहसा नसतात, आणि चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा तिथूनच निघतात. वरच्या कडेला एका ओळीची जागा कोरी ठेवा, ती शेवटी लागेल.

सरासरी आणि तिच्या शेजारचे रकाने

क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. इथे हिटना एबीने भागायचं. मैदानात चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार थांबे असतात, ते बेस; शेवटचा म्हणजे घर, तिथे पोहोचलं की धाव. क्षेत्ररक्षकाची चूक नसताना चेंडू मारून फलंदाज निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, की हिट. एक बेस गाठला तर सिंगल, दोन तर डबल, तीन तर ट्रिपल, आणि बहुधा चेंडू कुंपणापलीकडे मारून थेट घरी आला तर होम रन. एबी म्हणजे ‘ॲट बॅट’, हिशोबात धरलेली फलंदाजीची खेप. दहा खेपांत तीन हिट म्हणजे ०.३००, आणि बोलताना त्याला नुसतं ‘तीनशे’ म्हणतात. अख्ख्या कारकिर्दीत तीनशे टिकवणं फार थोड्यांना जमतं. अडीचशेच्या आसपासचा फलंदाज सर्वसाधारण समजावा.

आता मेजची १९५४ ची ओळ घ्या: सामने १५१, एबी ५६५, हिट १९५, डबल ३३, ट्रिपल १३, होम रन ४१, वॉक ६६. सरासरी १९५ ÷ ५६५ = ०.३४५. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये (प्रमुख लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) हीच सर्वांत जास्त होती. त्याच्याच संघातला डॉन म्यूलर ०.३४२ आणि ब्रुकलिनचा ड्यूक स्नायडर ०.३४१ वर राहिला, आणि निकाल हंगामाच्या शेवटच्या दिवशी लागला.

सरासरीच्या हिशोबात सिंगल आणि होम रन दोन्ही एकच हिट. फटक्यांतली ताकद पाहायची तर स्लगिंग काढा. १९५ मधून डबल, ट्रिपल आणि होम रन वजा केले की १०८ सिंगल उरतात. मग १०८ गुणिले १, ३३ गुणिले २, १३ गुणिले ३ आणि ४१ गुणिले ४ यांची बेरीज करा: १०८ + ६६ + ३९ + १६४ = ३७७. याला ५६५ ने भागलं की ०.६६७. एकदा हे हाताने करून पाहाच. त्यानंतर स्लगिंगचा कुठलाही आकडा नुसता आकडा राहत नाही, त्यामागचे फटके दिसू लागतात.

तिसरा आकडा ऑन-बेसचा, म्हणजे कुठल्याही मार्गाने बेसवर पोहोचण्याचं प्रमाण. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू बाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. तो वॉक. वॉक एबीत धरत नाहीत, त्यामुळे सरासरीत त्याचा मागमूस नसतो. १९५४ साठी हिट १९५, वॉक ६६ आणि अंगावर चेंडू लागून मिळालेले २ बेस मिळून २६३. खाली एबी ५६५, वॉक ६६, ते २ आणि सॅक्रिफाइस फ्लाय ७ मिळून ६४०. उत्तर ०.४११.

सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे उंच मारलेला चेंडू झेलला जातो, फलंदाज बाद होतो, पण त्या झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी येऊन धाव होते. १९४० ते १९५३ या काळात अशी खेपही एबीत धरली जायची आणि फलंदाजाची सरासरी खाली यायची. १९५४ पासून ती वगळली गेली. म्हणून मेजच्या पहिल्या वर्षाची ०.२७४ आणि नंतरच्या वर्षांच्या सरासऱ्या यांच्यामागचा नियम एक नाही. फरक किरकोळ आहे, पण कागदावर १९५३ खाली एक रेघ मारून ठेवावी.

वॉक विसरला तर काय होतं, ते त्याच १९५४ साली अमेरिकन लीगमध्ये दिसलं. बॉस्टनचा डावीकडचा आउटफिल्डर टेड विल्यम्स याचीही सरासरी ०.३४५ होती. तरी सर्वोच्च सरासरीचा मान क्लीव्हलंडच्या बॉबी अव्हिलाला ०.३४१ वर मिळाला, कारण नियमाप्रमाणे निदान ४०० एबी लागायचे आणि विल्यम्सचे ३८६ भरले. पिचर त्याला मारण्याजोगा चेंडूच टाकत नव्हते, १३६ वेळा तो वॉकवर गेला. फलंदाजीला तो एकूण ५२६ वेळा उतरला होता! हा नियम अन्यायाचाच होता. १९५७ पासून तो बदलला आणि संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ खेपा, त्याही वॉकसकट, अशी अट आली. १५४ सामन्यांच्या हंगामात ती ४७७ होते, म्हणजे विल्यम्स त्यात सहज बसला असता. त्यामुळे कुणी किती वेळा फलंदाजी केली हे एबीवरून ठरवू नका, एबी आणि वॉक नेहमी जोडीने वाचा.

हीच जोडी मेजच्या १९७१ च्या ओळीत पाहा. वय ४०, सरासरी ०.२७१. इथे ‘संपला’ असं म्हणून पुढे जाणारे पुष्कळ. पण ११३ हिटच्या शेजारी ११२ वॉक आहेत, आणि ऑन-बेस ०.४२५, त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याच ओळीत स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद होणं) १२३, त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. दोन्ही एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं: हात मंदावले होते, चेंडू पारखणारी नजर शाबूत होती.

आरबीआय, म्हणजे आपल्या फटक्यावर घरी आणलेल्या धावा, या रकान्याला फार भाव देऊ नका. आधीचे फलंदाज बेसवर असतील तरच तो फुगतो. मेज चार वेळा लीगमध्ये होम रनमध्ये पहिला आला, आरबीआयमध्ये एकदाही नाही.

नसलेली ओळ

१९५२ च्या पुढे सामने फक्त ३४, आणि १९५३ छापील तक्त्यात नाहीच. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करी भरतीत त्याला बोलावणं आलं. ती वर्षं त्याची व्हर्जिनियातल्या फोर्ट यूस्टिसमध्ये गेली. हंगाम १५४ सामन्यांचा होता, म्हणजे दोन वर्षांचे ३०८. त्यातून ३४ वजा केले तर संघाचे २७४ सामने त्याच्याविना झाले. तुमच्या कागदावर १९५३ ची ओळ कोरी दिसलीच पाहिजे, म्हणून २३ ओळी.

ही पोकळी स्वतःच्या मनाने भरू नये. मेजचे होम रन ६६०, बेब रूथचे ७१४, फरक ५४. सैन्यात गेला नसता तर रूथला मागे टाकलं असतं, असं गणित लगेच मांडलं जातं. पण १९५१ मध्ये त्याचे होम रन २० होते आणि परत आल्यावर ४१. मधल्या वर्षांचा दर यांपैकी कुठला धरायचा, हे तक्ता सांगत नाही. कोरी ओळ कोरीच ठेवा आणि बेरीज वाचताना तिच्याकडे एकदा बघा.

लांबी वाढलेले हंगामही इथेच टिपून घ्या. नॅशनल लीगने १९६२ पासून १६२ सामने सुरू केले. मेजने १९५५ मध्ये १५२ सामन्यांत ५१ होम रन मारले आणि १९६५ मध्ये १५७ सामन्यांत ५२. आकडा १९६५ चा मोठा, सामन्यामागचा दर १९५५ चा किंचित जास्त.

मैदानाचा रकाना

क्रिकेटची सीमारेषा मैदानागणिक थोडीफार बदलते. बेसबॉलमध्ये हा फरक प्रचंड असू शकतो, आणि खेळाडूचे निम्मे सामने घरच्या मैदानावर होतात. म्हणून १९५१ ते १९५७ पुढे ‘पोलो ग्राउंड्स’, १९५८ आणि १९५९ पुढे ‘सील्स स्टेडियम’, १९६० पासून ‘कँडलस्टिक पार्क’ आणि शेवटी १९७२ च्या मे महिन्यापासून ‘शे स्टेडियम’ असं लिहा.

मॅनहॅटनमधलं पोलो ग्राउंड्स लांबट आकाराचं होतं. डावी कड २७९ फूट, उजवी २५८ फूट आणि मधोमध सुमारे ४८० फूट. मीटरमध्ये ८५, ७९ आणि १४६. क्रिकेटची सीमारेषा जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे ८२ मीटरवर असते, त्याच्याशी ताडून पाहा. कडेला क्रिकेटच्या षटकाराएवढा फटका होम रन व्हायचा आणि समोर दीडशे मीटरच्या आसपास पळापळ. या अफाट मध्यभागाची राखण मेजकडे होती. १९५७ च्या ओळीत २६ डबल, २० ट्रिपल, ३५ होम रन आणि ३८ चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले पुढचे बेस) आहेत. त्यातल्या २० ट्रिपलकडे पाहताना हे मैदान डोळ्यांपुढे आणा.

कँडलस्टिकमध्ये अडचण वाऱ्याची होती. तो डाव्या बाजूने येऊन उजवीकडे वाहायचा आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडचा फटका अडवायचा. मेजने फटके उजव्या मध्याकडे वळवायला घेतले. १९६० मध्ये २९ होम रन, मग ४०, मग १९६२ मध्ये ४९. १९६१ मध्ये तिथली कुंपणंही आत आणली गेली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या फलंदाजाला किंवा एकट्या कुंपणाला देऊ नये. (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मराठी मंडळींना सोपं आहे: जायंट्सच्या आजच्या मैदानाबाहेर मेजचा पुतळा आहे, आणि त्याच्या २४ क्रमांकाच्या सन्मानार्थ भोवती २४ ताडाची झाडं.)

मैदान किती बोलतं हे एकाच सामन्यात पाहायचं असेल तर २९ सप्टेंबर १९५४ चा, वर्ल्ड सिरीजचा (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) पहिला सामना घ्या. पोलो ग्राउंड्स, आठवा डाव, २-२ अशी बरोबरी. क्लीव्हलंडचा लॅरी डोबी दुसऱ्या बेसवर, अल रोझेन पहिल्यावर, कुणी बाद नाही. डॉन लिडलच्या चेंडूवर व्हिक वर्ट्‌झने मध्यावर लांबच लांब फटका मारला. मेज पाठ फिरवून कुंपणाकडे धावला, चेंडू खांद्यावरून पुढे येताना ओंजळीत घ्यावा तसा ग्लोव्हमध्ये घेतला, आणि गिरकी घेत लगेच फेकला.

धावनोंदीच्या कागदावर या झेलाची नोंद केवढी? फलंदाजाच्या चौकटीत नुसता ‘८’. क्षेत्ररक्षकांना ठरलेले क्रमांक असतात. डावीकडचा आउटफिल्डर ७, मधला ८, उजवीकडचा ९. कुठलाही सोपा झेलही ‘८’च. त्यामुळे झेलाच्या चौकटीवर थांबू नका, धावपटूंच्या चौकटी पाहा. डोबी झेलानंतर दुसऱ्यावरून तिसऱ्यापर्यंत गेला, रोझेन पहिल्यावरच राहिला. मैदान एवढं खोल होतं की दुसऱ्या बेसवरून थेट घरी येण्याचा विचारही करता आला असता. ती संधी त्या फेकीने घालवली. पुढे मार्व्ह ग्रिसम गोलंदाजीला आला आणि क्लीव्हलंडची एकही धाव न होता डाव संपला.

दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेने मारलेला फटका जेमतेम २६० फुटांवर कुंपणापलीकडे पडला. तीन धावा, जायंट्स ५-२ ने विजयी. वर्ट्‌झचा फटका त्याहून कितीतरी लांब गेला होता आणि तो बाद. त्या हंगामात १११ सामने जिंकलेला क्लीव्हलंड संघ ही मालिका ४-० अशी हरला.

क्षेत्ररक्षणाचा तक्ता

हा वेगळा छापतात आणि बहुतेक जण तिथवर पोहोचत नाहीत. आउटफिल्डरच्या बाबतीत ते मोठं नुकसान आहे. त्यात तीन आकडे महत्त्वाचे. पुटआउट म्हणजे त्याने स्वतः केलेले बाद, आउटफिल्डरसाठी जवळजवळ सगळे झेलच. असिस्ट म्हणजे त्याच्या फेकीवर बाद झालेले धावपटू. एरर म्हणजे नोंदवलेल्या चुका. मेजचे आउटफिल्डमधले पुटआउट ७०९५ आहेत, आजवरचा उच्चांक. असिस्ट १९५, एरर १४१.

यातून मिळणारी टक्केवारी, ०.९८१, वाचून मत बनवू नका. जो खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर एररही लागत नाही. संथ माणसाची टक्केवारी म्हणून चांगली दिसते. आउटफिल्डरची खरी मिळकत तो किती चेंडूंपर्यंत पोहोचला यात असते, तेव्हा पुटआउटला सामन्यांनी भागा. मेजचं उत्तर सामन्यामागे सुमारे अडीच येतं, तेही वीस वर्षांहून अधिक काळात, चाळिशीतल्या सामन्यांसकट. असिस्टचा रकानाही उलटा फसवतो. हात जोरकस आहे हे सगळ्यांना कळलं की धावपटू धोका पत्करत नाहीत आणि आकडा घसरतो. घसरलेला आकडा म्हणजे कमजोर हात, असं समजू नये.

चोरलेल्या बेसच्या रकान्याशेजारी ‘सीएस’, म्हणजे चोरताना पकडला गेला त्याची संख्या, नेहमी पाहा. मेज ३३८ वेळा यशस्वी आणि १०३ वेळा बाद, म्हणजे चारांतले तीन प्रयत्न साधले. त्याहून कमी प्रमाण संघाला महागात पडतं. १९५६ मधले त्याचे ४० आज मोठे वाटणार नाहीत, पण पन्नाशीच्या दशकात संघ बेस चोरायच्या फंदात फारसे पडत नसत आणि १९५६ ते १९५९ अशी चारही वर्षं नॅशनल लीगमध्ये तोच पहिला होता. ओळीची तुलना त्याच वर्षाच्या इतरांशी करावी. फलंदाजी एका आकड्यात बसवायची असेल तर ‘ओपीएस प्लस’ पाहा, तो ऑन-बेस आणि स्लगिंग एकत्र करून काढतात. त्यात लीगची सरासरी १०० धरून मैदानाचाही हिशोब केलेला असतो. मेजचा १५५ च्या आसपास आहे.

पुरस्कारांचे रकाने थोडक्यात. गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार १९५७ मध्ये सुरू झाला. मेजला तो त्या वर्षापासून १९६८ पर्यंत सलग १२ वेळा मिळाला. १९५४ च्या त्या झेलाच्या वर्षापुढे तो नाही, कारण पुरस्कारच नव्हता. ऑल-स्टार सामने (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंमधले) २४ दिसतात आणि हंगाम २०, १९५४ ते १९७३. बेरीज चुकलेली नाही. १९५९ ते १९६२ ही चार वर्षं दरवर्षी दोन ऑल-स्टार सामने झाले.

१९७३ ची शेवटची ओळ, ६६ सामने आणि ०.२११, वाईट आहे आणि ती वाईटच वाचावी. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंडला दुसऱ्या सामन्यात तो सेंटर फील्डमध्ये अडखळला, हे पुन्हापुन्हा दाखवलं जातं. त्याच सामन्याच्या बाराव्या डावात त्याच्याच हिटने मेट्सला आघाडी मिळाली, तेही त्याच कागदावर लिहा.

आता वरची कोरी जागा. मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. वर्णभेदामुळे १९४७ पूर्वी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगचं दार बंद होतं आणि त्यांच्या स्वतःच्या लीग होत्या. मेज १७ वर्षांचा असताना अलाबामातल्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता. त्या हंगामातले १० हिट जोडले गेले आणि ३२८३ चे ३२९३ झाले, सरासरी ०.३०२ ची ०.३०१. होम रन ६६०च राहिले. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर तक्ता केव्हाचा आहे ते आधी पाहा. जुना तक्ता खोटा नाही, त्यात एक ओळ कमी आहे. ती १९५१ च्या वर भरा: वर्ष १९४८, संघ बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स, हिट १०, मैदान रिकवुड फील्ड. १९१० मध्ये बांधलेलं हे मैदान अजून उभं आहे. मेज १८ जून २०२४ रोजी गेला आणि दोनच दिवसांनी जायंट्स तिथे मेजर लीगचा सामना खेळले.